परका खेळाडू आणि घरचा पगार

१९३० च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाचा एकवीस वर्षांचा एक गोलरक्षक डोव्हर बंदरात उतरला आणि तिथूनच परत पाठवला गेला. नाव रुडी हिडेन. लंडनच्या आर्सेनल क्लबचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने त्याला पसंत केलं होतं, त्याच्या व्हिएन्नातल्या क्लबशी बोलणी झाली होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये आर्सेनलने एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली होती आणि चॅपमनला आता लीग जिंकायची होती. त्यासाठी त्याला युरोपातला उत्तम गोलरक्षक हवा होता. पण १९२० पासून ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला नोकरी द्यायची तर मजूर मंत्रालयाचा परवाना लागे. खेळाडूंची संघटना आणि क्लबांची स्पर्धा चालवणारी फुटबॉल लीग या दोघांनीही विरोध केला, मंत्रालयाने परवाना नाकारला आणि हिडेन आल्या वाटेने घरी गेला. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने नियम केला की ब्रिटिश प्रजाजन म्हणून न जन्मलेल्या व्यावसायिक खेळाडूला इंग्लंडमध्ये दोन वर्षं वास्तव्य केल्याशिवाय खेळता येणार नाही. दोन वर्षं बिनकामाचं बसून वाट पाहणारा व्यावसायिक खेळाडू मिळणार कुठे? दार बंदच झालं. ते उघडायला १९७८ साल उजाडलं.

हा इतिहास मला आत्ता महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे फुटबॉलची चर्चा सुरू झाली की दहा मिनिटांत ती याच दारापाशी येऊन थांबते. भारतीय संघ हरला की पहिला ठराव ठरलेला असतो: परदेशी खेळाडू कमी करा, म्हणजे आपल्या पोरांना जागा मिळेल. हे म्हणणाऱ्यांची कळकळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण इंग्लंडने हा प्रयोग थोडाथोडका नाही, सत्तेचाळीस वर्षं केला. त्या सत्तेचाळीस वर्षांचा आणि त्याआधीच्या चार दशकांचा हिशेब नीट मांडला तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. घरच्या खेळाडूच्या ताटातली भाकरी परक्याने पळवलीच नव्हती. ती पळवणारे घरचेच कारभारी होते, आणि परक्याकडे बोट दाखवणं त्यांच्या सोयीचं होतं.

आधी विरोधकांची बाजू. १९३० अखेर ब्रिटनमध्ये वीस लाखांहून जास्त माणसं बेकार होती. मजूर पक्षाचं सरकार होतं. लँकेशरच्या गिरण्या बंद पडत होत्या, खाणींत काम मिळत नव्हतं. अशा दिवसांत बाहेरचा माणूस आणून त्याला नोकरी देणं कामगारांना खुपणारच. खेळाडूंची संघटना ही कामगार संघटनाच होती, तिने विरोध केला तर त्यात दुष्टपणा शोधायचं कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. विरोध नेमका कशाला होता? माणूस परदेशी असण्याला?

तसं असतं तर निल्स मिडेलबो याचं काय? हा डेन्मार्कचा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या संघाविरुद्ध पहिला गोल त्याने केला, आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या अधिकृत इतिहासातला तो पहिला गोल मानला जातो. १९०८ आणि १९१२, दोन्ही वेळा डेन्मार्कला रौप्यपदक मिळालं आणि दोन्ही संघांत तो होता. उंच, शांत, चेंडू पायाशी आला की घाई न करणारा. १९१३ मध्ये नोकरीच्या निमित्ताने तो लंडनला आला, बँकेत लागला आणि चेल्सीकडून खेळू लागला. चेल्सी तेव्हा पहिल्या, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या विभागात होता. नोव्हेंबर १९१३ मध्ये डर्बी काउंटीविरुद्ध मिडेलबो पहिल्यांदा उतरला आणि त्या पहिल्याच सामन्यात त्याला कर्णधार करण्यात आलं. पहिला सामना खेळणाऱ्या परदेशी माणसाच्या हाती इंग्लिश क्लबने संघ सोपवला! प्रेक्षकांनी त्याला प्रेमाने ‘ग्रेट डेन’ म्हणायला सुरुवात केली. बँकेच्या कामामुळे त्याला दूरच्या गावच्या सामन्यांना जाता यायचं नाही. पुढे महायुद्धात चार हंगाम लीगच बंद राहिली. त्यामुळे १९२२ पर्यंत चेल्सीत राहूनही त्याचे लीगचे सामने जेमतेम चाळीसेक भरतात. पण त्या काळात कुणी म्हटलं नाही की या डेन माणसाने कुण्या इंग्रज मुलाची जागा अडवली. लीगने ठराव केला नाही, मंत्रालयाला पत्रं गेली नाहीत.

त्याच्याही दोन वर्षं आधी इजिप्तचा हसन हेगाझी लंडनला अभियांत्रिकी शिकायला आला होता. दक्षिण लंडनच्या डलविच हॅम्लेट या हौशी क्लबकडून तो खेळायचा. त्याचा खेळ बघून फुलहॅमने त्याला बोलावलं आणि नोव्हेंबर १९११ मध्ये दुसऱ्या विभागातल्या एका सामन्यात त्याला स्टॉकपोर्ट काउंटीविरुद्ध उतरवलं. त्याने गोलही केला. फुलहॅमला तो कायमचा हवा होता. डलविचचे लोक मात्र हवालदिल झाले. हेगाझीने सांगितलं की लीगमध्ये खेळायची माझी फार इच्छा आहे, पण डलविचवाल्यांनी मला फार चांगलं वागवलं आहे, मी त्यांना सोडणार नाही. फुलहॅमला दिलगिरी कळवून तो आपल्या क्लबात परतला. आज व्यावसायिक खेळाडू दर हंगामाला क्लब बदलतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनाही या विद्यार्थ्याचा निर्णय आवडेल. मला तो आवडतोच, पण इथे मुद्दा दुसरा आहे. दोन क्लब एका परदेशी खेळाडूसाठी ओढाताण करत होते आणि तो परदेशी आहे ही तक्रार दोघांच्याही तोंडी नव्हती.

पुन्हा १९३० कडे येऊ. हिडेनला परत पाठवल्यावर आर्सेनलच्या गोलात कोण उभं राहिलं? गेरी कायझर. हा ॲम्स्टरडॅमचा डच. म्हणजे ऑस्ट्रियन नको म्हणून सरकारने दार लावलं आणि त्याच महिन्यांत एक डच गोलरक्षक आर्सेनलची जर्सी घालून मैदानात उतरला. १९३०-३१ च्या हंगामात तो लीगचे १२ सामने खेळला आणि त्याच हंगामात आर्सेनलने आपलं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं. कायझरला कसं चाललं? तो हौशी खेळाडू म्हणून नोंदला गेला होता. पगार घेत नव्हता, म्हणून मंत्रालयाच्या परवान्याचा प्रश्नच आला नाही.

मिडेलबो हौशी, हेगाझी हौशी, कायझर हौशी. हिडेन व्यावसायिक. १९३१ च्या नियमाचा मसुदाही हेच सांगतो, कारण त्यात बंदी आहे ती फक्त व्यावसायिक परदेशी खेळाडूवर. फुकट खेळणारा परका चालत होता, त्याच्या हाती कप्तानी द्यायलाही कुणाची हरकत नव्हती. मजुरी मागणारा परका चालत नव्हता. एकदा हे लक्षात आलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मजुरीचा एवढा कळवळा असलेल्या या मंडळींनी घरच्या खेळाडूच्या मजुरीचं काय केलं होतं?

१९०१ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती: आठवड्याला ४ पाउंड, त्यापलीकडे एक पैसाही नाही. पुढे ती हळूहळू वाढली, पहिल्या महायुद्धानंतर ९ पाउंडांपर्यंत गेली आणि १९२२ मध्ये चक्क खाली आणून हंगामात ८ आणि उन्हाळ्यात ६ पाउंड करण्यात आली. हिडेनच्या वेळी हीच मर्यादा होती आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ती जवळपास तिथेच राहिली. खाणीत उतरणाऱ्याच्या मानाने ८ पाउंड चांगलेच, हे खरं. पण शनिवारी दुपारी पन्नास-साठ हजार माणसं पैसे मोजून ज्याचा खेळ बघायला येतात, त्याच्या कमाईशी त्या गर्दीचा काही संबंधच ठेवायचा नाही, अशी ही व्यवस्था होती.

तिची दुसरी बाजू याहून कठोर. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असायची. करार वर्षाचा. वर्ष संपलं आणि क्लबला त्याला सोडायचं नसेल, तर तो दुसऱ्या कुठल्याही लीग क्लबकडे जाऊ शकत नसे. क्लबने खेळवलं नाही तरी नाही, नवा पगार मान्य नसला तरी नाही. बदलीची रक्कम क्लबने क्लबला द्यायची. १९२८ मध्ये आर्सेनलने बोल्टनचा आघाडीपटू डेव्हिड जॅक विकत घेतला. बदलीची रक्कम पहिल्यांदाच १०,००० पाउंडांच्या वर गेली. ते पैसे बोल्टनला मिळाले. जॅकचा आठवड्याचा पगार नव्या क्लबातही त्याच ८ पाउंडांच्या मर्यादेतला. दहा हजारांचा माल आणि आठ पाउंडांचा माणूस, एकाच कागदावर. याला जो उद्योग मान्यता देतो, त्याने एका व्हिएन्नाच्या मुलामुळे आपल्या खेळाडूंच्या पोटावर पाय येईल म्हणून गळा काढावा, याची मला चीड येते.

लीगच्या कारभाऱ्यांत चार्ल्स सटक्लिफ हे मोठं प्रस्थ. लँकेशरचा वकील, पुढे लीगचा अध्यक्ष. परदेशी खेळाडू आणण्याची कल्पना क्लबांना किळसवाणी आहे, ब्रिटिश खेळाडूंचा अपमान करणारी आहे आणि ज्या क्लबला ती सुचते त्याच्या कारभाराच्या दुबळेपणाची ती कबुली आहे, असं त्याने त्या वेळी म्हटलं. ब्रिटिश खेळाडूंच्या मानाची ही काळजी वाहणारा माणूस कोण? तर खेळाडूंच्या संघटनेशी लीगच्या वतीने वर्षानुवर्षं झुंजलेला आणि खेळाडूला क्लबच्या दावणीला बांधणाऱ्या त्या बदली-पद्धतीचा खंदा पाठीराखा. १९०७ मध्ये मँचेस्टरला बिली मेरेडिथ हा खेळाडू आणि त्याच्या सोबत्यांनी खेळाडूंची संघटना उभारली ती याच दोन जाचांविरुद्ध, पगाराची मर्यादा आणि बदलीचं दावं. १९३० पर्यंत दोन्ही जाच जसेच्या तसे होते. संघटनेला ते हटवता आले नाहीत. हिडेनला हटवणं मात्र जमलं, कारण तिथे मालक तिच्या बाजूने उभे होते. कामगार आणि मालक एका सुरात बोलू लागले की कामगाराने थोडं थांबून विचार करावा, असं मला वाटतं. तो सूर बहुधा मालकाचा असतो.

हिडेनला डोव्हरहून परत पाठवलं त्याच वर्षी, १३ डिसेंबर १९३० ला, यॉर्कशरमधल्या एडलिंग्टन या खाणगावात आर्थर व्हॉर्टन वारला. त्याची कारकीर्द परक्या खेळाडूच्या प्रश्नाचं दुसरं टोक आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

व्हॉर्टन १८६५ मध्ये आक्रा इथे जन्मला, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, आजच्या घानात. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, मूळ ग्रेनाडाचे. आई फांटी समाजातल्या राजघराण्याशी नातं सांगणारी. मुलाने वडिलांसारखं धर्मकार्य करावं म्हणून त्याला डार्लिंग्टनजवळच्या कॉलेजात पाठवलं. तिथे मुलगा पळू लागला. जुलै १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १०० यार्ड १० सेकंदांत पार केले आणि पुढच्या वर्षी विजेतेपद राखलंही. त्याच सुमारास तो गोलात उभा राहू लागला. प्रेस्टन नॉर्थ एंडने त्याला उचललं आणि १८८७ च्या एफए कपच्या उपांत्य सामन्यापर्यंत तो प्रेस्टनबरोबर होता. दोनच वर्षांनी प्रेस्टनने पहिली लीग एकही सामना न हरता जिंकली. तोवर व्हॉर्टन तिथून बाहेर पडला होता. १८८९ मध्ये तो रॉदरहॅम टाउनकडे व्यावसायिक म्हणून गेला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतात.

त्याच्या खेळाचं एक वर्णन उरलं आहे. शेफील्डच्या ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावरचा सामना, प्रतिस्पर्धी शेफील्ड वेन्सडे. व्हॉर्टनने उडी मारून वरचा आडवा दांडा हातांनी पकडला, लोंबकळत चेंडू दोन पायांत धरला आणि अंगावर धावून आलेले तिघे आघाडीपटू तोल जाऊन जाळ्यात पडले. एका प्रेक्षकाने हे १९४२ मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं. असा बचाव पुन्हा कधी पाहिला नाही, असंही लिहिलं. दुसरीकडे त्याच्या ऐन उमेदीत वर्तमानपत्रं त्याच्या रंगावरून त्याची अक्कल काढत होती. गोलात असले खेळ करणं याच्या जाड टाळक्याला चुकीचं कसं वाटत नाही, अशी भाषा छापून यायची. तोच खेळ गोऱ्या गोलरक्षकाने केला असता तर त्याला धाडस म्हटलं असतं.

१८९४ मध्ये तो शेफील्ड युनायटेडला गेला. तिथे बिल फोल्क नावाचा अवाढव्य गोलरक्षक होता, त्यामुळे व्हॉर्टनच्या वाट्याला पहिल्या विभागातला एकच सामना आला, फेब्रुवारी १८९५ मध्ये संडरलंडविरुद्ध. मग छोटे क्लब. १९०२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीतून तो निवृत्त झाला. नंतरची वर्षं कोळशाच्या खाणीत गेली. दांड्याला लोंबकळून तिघांना हरवणारा, दहा सेकंदांत शंभर यार्ड तोडणारा हा माणूस पन्नाशी-साठीत यॉर्कशरच्या जमिनीखाली कोळसा काढत होता. कफल्लक अवस्थेत गेला. कबरीवर दगडही नव्हता. तो बसवला गेला १९९७ मध्ये, शेफील्डमधल्या वंशभेदविरोधी कार्यकर्त्यांनी मोहीम चालवली तेव्हा.

परका येतो आणि आमचं घेऊन जातो असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, व्हॉर्टनने काय नेलं? आणि फक्त व्हॉर्टननेच का? त्याच्या बरोबरीने खेळलेले, इंग्लंडमध्येच जन्मलेले कितीतरी खेळाडू गुडघे गेल्यावर त्याच खाणींत, त्याच गुत्त्यांत, त्याच दारिद्र्यात गेले. वंशद्वेषाचा घाव व्हॉर्टनवर वेगळा होता, तो कुणी पुसट करू नये. पण म्हातारपणी हातात काही नसणं हे परक्याचं आणि घरच्याचं सारखंच होतं. निवृत्तिवेतन नाही, दुखापतीची हमी नाही, करारात आवाज नाही. त्यावर उपाय म्हणून १९३१ मध्ये कारभाऱ्यांना एकच गोष्ट सुचली, परदेशी माणसाला बंदी.

बंदीने इंग्लिश खेळाडू सुधारला का? हिडेनचंच पाहा. ७ डिसेंबर १९३२ ला ऑस्ट्रियाचा संघ लंडनला आला. स्टॅमफर्ड ब्रिजवर इंग्लंडशी सामना झाला आणि ऑस्ट्रियाच्या गोलात हिडेन उभा होता. इंग्लंड ४-३ ने कसंबसं जिंकलं. ज्याच्याबरोबर रोज सराव करून इंग्लंडचे आघाडीपटू शिकले असते, त्याच्याशी ते दीड तास सामना खेळू शकले, एवढंच. १९५० मध्ये विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने ६-३ ने धूळ चारली. हंगेरीचा हिदेगकुटी नावाला आघाडीचा, पण मागे मधल्या फळीत सरकून खेळायचा. त्याला धरायला पुढे जावं की जागेवर थांबावं, हे इंग्लंडच्या मधल्या बचावपटूला शेवटपर्यंत समजलं नाही. आपल्या लीगमध्ये त्याने असा खेळाडू कधी पाहिलाच नव्हता. आणि हंगेरीला घडवणाऱ्यांत जिमी होगन हा प्रशिक्षक लँकेशरचाच माणूस होता. व्हिएन्ना-बुडापेस्टने त्याला उराशी धरलं. शिकवायला बाहेर जायची मुभा होती, शिकायला बाहेरच्याला आत घ्यायची नव्हती.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे १९६६. बंदी असतानाच इंग्लंड विश्वविजेता झाला ना? झाला, आणि हा आक्षेप वजनदार आहे. मी त्याचं उत्तर दोन गोष्टींत देतो. त्या संघाचा प्रशिक्षक आल्फ रॅम्सी १९५३ च्या त्या ६-३ च्या सामन्यात स्वतः खेळला होता, इंग्लंडचा तिसरा गोल पेनल्टीवर त्यानेच केला होता आणि इंग्लंडकडून तो त्याचा शेवटचा सामना ठरला. परक्यांचा खेळ किती पुढे गेला आहे हे ज्याने अंगावर घेतलं, त्यानेच पुढे संघ बदलला. दुसरं, त्या विजयापाठोपाठ बंदी कायम असताना इंग्लंड १९७४ आणि १९७८ च्या विश्वचषकांसाठी पात्रही ठरला नाही. एका विजयाचं श्रेय बंदीला द्यायचं तर या दोन नामुष्कींचंही द्यावं लागेल.

बंदीने संरक्षण दिलेले खेळाडू स्वतः काय करत होते, हेही बघू. १९५० मध्ये स्टोक सिटीचा नील फ्रँकलिन, इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा मधला बचावपटू, विश्वचषकाच्या तोंडावर कोलंबियाला निघून गेला. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनही बोगोटाला गेला. तिथल्या क्लबांनी देऊ केलेल्या पैशांसमोर इंग्लंडमधली मर्यादा म्हणजे काहीच नव्हतं. परतल्यावर दोघांवर बंदी आली. फ्रँकलिन पुन्हा इंग्लंडकडून कधीच खेळला नाही. ज्यांच्या पोटाची काळजी म्हणून १९३० मध्ये हिडेनला परत पाठवलं, त्यांचेच वारस वीस वर्षांनी पोटासाठी स्वतः परदेशी खेळाडू झाले. मर्यादा शेवटी जानेवारी १९६१ मध्ये गेली, खेळाडूंनी संपाची तयारी केली तेव्हा. बदलीचं दावं १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात जाऊन सैल केलं. या दोन लढायांनी इंग्लिश खेळाडूला जे मिळवून दिलं, त्याच्या शतांशही त्या बंदीने दिलं नाही.

१९७८ मध्ये युरोपीय समुदायाच्या दबावाने दार उघडलं आणि त्याच उन्हाळ्यात अर्जेंटिनाचे आर्दिलेस आणि विया टॉटनहॅमला आले. आज प्रीमियर लीगमध्ये इंग्लिश खेळाडू अल्पसंख्य आहेत. त्यांना खेळायला कमी मिनिटं मिळतात ही तक्रार खोटी नाही. पण इंग्लंडने या वेळी दार न लावता अकादम्यांवर पैसा ओतला, २०१२ मध्ये सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय केंद्र उभारलं. त्याची फळं आपण आपल्या डोळ्यांनी पाहिली. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. इंग्लंडच्या पोरांनी मडगावच्या फातोर्ड्यावर उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ४-१ ने हरवलं आणि कोलकात्यात अंतिम सामन्यात स्पेनवर ५-२ ने मात केली. फिल फोडेन त्याच संघातला. ही मुलं जगातल्या सर्वांत उघड्या लीगच्या क्लबांत वाढली होती.

आता आपलं घर. गोव्यात हे सगळं आधीच सिद्ध झालं आहे. २००४ ते २०१२ या काळात डेम्पो या गोव्यातल्या क्लबच्या आघाडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता, मधल्या फळीत ब्राझीलचा बेटो. प्रशिक्षक आर्मांडो कुलासो यांच्या हाताखाली या क्लबने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. आणि याच संघातून क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी, समीर नाईक भारताकडून खेळले. रँटीने कुणाचं घेतलं नाही. गवळीसारखे बचावपटू सरावात त्यालाच अडवत होते. पुण्यात अराता इझुमी खेळत होता. वडील भारतीय, आई जपानी, पासपोर्ट जपानी. पुणे एफसीकडून बालेवाडीत उतरायचा तेव्हा परदेशी खेळाडूच्या जागेत मोजला जायचा. २०१२ मध्ये त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि पुढच्या वर्षी तो भारताच्या जर्सीत होता. पाय तेच, फटका तोच. बदलला फक्त कागद.

इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही देशातली मुख्य लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालत. पुढे पाच झाले, २०२१ पासून चार. म्हणजे आपण हळूहळू दार लावतच आलो आहोत. त्यानंतर राष्ट्रीय संघ कुठे गेला? २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत शंभराच्या आत होता, २०२५ अखेर १४० च्याही खाली घसरला. परदेशी कमी झाले म्हणून तो घसरला असं मी म्हणत नाही. परदेशी कमी केले की संघ आपोआप वर येतो हा समज मात्र यातून मोडीत निघतो. जुलै २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार अडला आणि पूर्ण हंगामच अधांतरी लटकला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. गोव्याच्या, मिझोरमच्या, मणिपूरच्या पोरांना पुढच्या महिन्याचे हप्ते कुठून भरायचे हे कळेना. ती भाकरी कुण्या स्पॅनिश किंवा ब्राझिलियन खेळाडूने नेली नव्हती.

म्हणून परदेशी चारावरून तीन करा, दोन करा असं कुणी म्हटलं की माझे काही प्रश्न असतात, आणि ते महासंघाला आणि क्लबांना आहेत. हंगाम किती महिन्यांचा, आणि तो पुढच्या वर्षी होणार याची हमी कोण देणार? क्लबने पगार थांबवला तर खेळाडूने कुठे दाद मागायची आणि किती दिवसांत निकाल लागणार? तेरा वर्षांच्या मुलाला वर्षाला किती स्पर्धात्मक सामने मिळतात? गुडघा फुटलेल्या खेळाडूच्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा? याची लेखी उत्तरं समोर येईपर्यंत परदेशी खेळाडूंची संख्या कमी करण्याच्या प्रत्येक ठरावाला माझा विरोध राहील.